फॉक्सपी-३ स्टेन केलं की जीएफपी गायब! आधी फिक्स करू की नको?

कलिना_टीसेल

नमस्कार मंडळी. उंदराच्या प्लीहेतल्या सीडी-४ टी पेशींमध्ये रेट्रोव्हायरसने जनुक घातलंय. त्यामागे आयआरईएस (त्याच आरएनएवरून दुसरं प्रथिन वेगळं बनवून घेणारा तुकडा) आणि त्यामागे ईजीएफपी (हिरवा उजेड देणाऱ्या जीएफपी प्रथिनाचं उजळ रूप). म्हणजे जीएफपी कुठल्याच प्रथिनाला जोडलेलं नाही, पेशीत मोकळं फिरतं.

जिवंत पेशी सायटोमीटरवर (एकेका पेशीचा उजेड मोजणारं मशीन) टाकल्या की साधारण ३५ टक्के जीएफपी पॉझिटिव्ह दिसतात आणि ढीग (आलेखावरचा पेशींचा समूह) स्वच्छ वेगळा असतो. त्याच पेशींचं फॉक्सपी-३ च्या (रेग्युलेटरी टी पेशींच्या केंद्रकातलं प्रथिन) ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर किटने इंट्रासेल्युलर स्टेनिंग केलं की ५-६ टक्के उरतात, तेही निगेटिव्हला चिकटून. फॉक्सपी-३ मात्र झकास येतं.

आतापर्यंतचा क्रम असा: सरफेस स्टेन, किटचा फिक्स-पर्म (पेशी फिक्स करून पडदा उघडणारं द्रावण) ४५ मिनिटं ४ अंशांवर, पर्म बफरने दोनदा वॉश, एफजेके-१६एस क्लोन (फॉक्सपी-३ ची अँटिबॉडी) ३० मिनिटं, वॉश, मशीन. लाइट बंद ठेवून, फॉइल गुंडाळून पाहिलं, काही फरक नाही. आमच्याकडे कोणी म्हणतं आधी पीएफए (पॅराफॉर्माल्डिहाइडपासून केलेलं फॉर्माल्डिहाइडचं द्रावण) द्या, कोणी म्हणतं पीएफएनेच जीएफपी मरतं. नक्की कुणाचं ऐकू? मेथनॉलचा पर्यायही सुचवलाय एकाने.

परळकर

जीएफपी मेलेलं नाही, पळालंय. आणि लाइटचा यात काही दोष नाही. फॉइल गुंडाळा, पण ती टॅन्डम डायसाठी (दोन रंग जोडून केलेले, उजेडाने खराब होणारे डाय).

ईजीएफपी जेमतेम २७ किलोडाल्टनचं आहे. एवढं लहान प्रथिन केंद्रकाच्या छिद्रांतूनही आरामात ये-जा करतं, मग डिटर्जंटने पाडलेल्या भोकांतून का नाही जाणार? आता किटचा फिक्स-पर्म बघा. एकाच द्रावणात फॉर्माल्डिहाइडही आणि पडदा उघडणारं रसायनही. फॉर्माल्डिहाइड पेशीत शिरतं झटकन, पण प्रथिनांना एकमेकांशी बांधायला त्याला मिनिटं लागतात. पडदा त्याआधीच उघडलेला असतो. बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय. फॉक्सपी-३ केंद्रकात डीएनएला धरून बसलेलं असतं म्हणून ते राहतं आणि तुम्हाला वाटतं किट उत्तम चाललंय. किट उत्तमच चाललंय, फक्त मोकळ्या जीएफपीसाठी ते बनवलेलं नाही.

म्हणून आधी बांधा, मग भोकं पाडा. मी सांगतो तो क्रम असा:

१) प्रत्येक ट्यूबमध्ये १० ते २० लाख पेशी. थंड पीबीएसने (फॉस्फेट बफर) दोनदा वॉश, सीरम नको. मग मेलेल्या पेशी ओळखणारा फिक्सेबल व्हायबिलिटी डाय, २० मिनिटं बर्फावर. हा डाय अमाइनला चिकटतो, त्यामुळे बफरमध्ये एफबीएस (सीरम) असेल तर तो एफबीएसलाच रंगवून मोकळा होतो. पीआय किंवा ७-एएडी (मेलेल्या पेशींचा डीएनए रंगवणारे डाय) इथे कामाचे नाहीत. फिक्स केल्यावर सगळ्याच पेशी त्यांना मेलेल्या.

२) एफसी ब्लॉक (अँटिबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून) १० मिनिटं, मग सरफेस अँटिबॉडी ३० मिनिटं, पीबीएस अधिक २ टक्के एफबीएस अधिक २ मिलिमोलर ईडीटीएमध्ये.

३) पुन्हा साध्या पीबीएसने दोन वॉश. ही पायरी सगळे गाळतात. सीरम उरलं की पीएफए त्यातल्या प्रथिनांवर खर्च होतो, आणि पेशीही एकमेकींना चिकटून गोळा होतात.

४) शेवटच्या वॉशनंतर १०० मायक्रोलिटर पीबीएस ठेवा आणि पेलेट पूर्ण मोडा. ट्यूब उजेडासमोर धरून तळाशी दाणा दिसत नाही ना ते बघा. मग व्होर्टेक्स सगळ्यात कमी वेगावर चालू ठेवून ४ टक्के पीएफए १०० मायक्रोलिटर थेंब थेंब सोडा. अंतिम २ टक्के. पेलेटवर एकदम ओतलात तर जो गोळा होईल तो आयुष्यभर सुटायचा नाही.

५) २२ ते २५ अंशांवर १५ ते २० मिनिटं. प्रोटोकॉलमधलं ‘रूम टेंपरेचर’ म्हणजे हे. मे महिन्यात एसी बंद असलेल्या मुंबईतल्या लॅबचं रूम टेंपरेचर नव्हे. ३२ अंशांवर क्रॉसलिंकिंग भराभर होतं, आणि मग जानेवारीतला निकाल नि मेमधला निकाल जुळत नाहीत. बीकरमध्ये पाणी घ्या, थर्मामीटर टाका, थोडा बर्फ टाकून २३-२४ वर आणा आणि ट्यूबचा स्टँड त्यात उभा करा.

६) ३ मिली एफएसीएस बफर (पायरी २ मधला) घाला, त्यात १०० मिलिमोलर ग्लायसिन असेल तर उत्तम. उरलेला फॉर्माल्डिहाइड ग्लायसिन खातं. स्पिन ६०० ते ८०० जी, ७ मिनिटं. जिवंत पेशींसाठी ठेवलेला ३५० जी इथे पुरत नाही, फिक्स केलेल्या पेशी त्या वेगात नीट बसत नाहीत. सुपरनॅटंट ओतताना निम्म्या पेशी सिंकमध्ये जातात आणि दोष मात्र किटच्या माथी. आणखी एक वॉश.

७) आता किटचा फिक्स-पर्म, पण ३० मिनिटंच. मग १ एक्स पर्म बफरने दोन वॉश. आपल्या किटचा १० एक्स पर्म कशात पातळ करायचा ते पत्रकात बघा. बहुतेक डिस्टिल्ड वॉटरमध्ये करायचा असतो, सवयीने पीबीएस ओतू नका.

८) अँटी-फॉक्सपी-३ पर्म बफरमध्येच, ४५ मिनिटं ते १ तास. आधी फिक्स केल्यामुळे जाळं घट्ट झालेलं असतं आणि १५० किलोडाल्टनच्या अँटिबॉडीला केंद्रकापर्यंत पोचायला वेळ लागतो. ३० मिनिटांवर अडून बसू नका. वॉशसुद्धा पर्म बफरमध्ये. सॅपोनिनची भोकं सॅपोनिन असेपर्यंतच उघडी राहतात.

आता यातली खरी गोम. पीएफए वाढवत नेला की जीएफपी टिकतं पण फॉक्सपी-३ मंदावतं, कारण एपिटोप (अँटिबॉडी जिथे चिकटते ती जागा) झाकला जातो. दोघांचं एकाच वेळी शंभर टक्के समाधान होत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी महागाचा प्रयोग लावू नका. ०.५, १ आणि २ टक्के पीएफए, प्रत्येकी १० आणि २० मिनिटं, अशा सहा ट्यूब लावा. ज्या सगळ्यात कमी पीएफएला जीएफपीचा ढीग वेगळा राहतो तो घ्या. फॉक्सपी-३ त्यातच बरं मिळेल.

मेथनॉलचं नाव काढू नका. ९० टक्के मेथनॉलमध्ये जीएफपीची घडीच विस्कटते आणि प्रकाश जातो. वर पीई आणि एपीसी हे अँटिबॉडीवरचे रंगही जातात.

माटुंगा_बफर

परळकरांशी सहमत, पण एक पायरी आधीची. ‘पीएफएने जीएफपी मरतं’ असं ज्यांनी सांगितलं तेही अगदी खोटं बोलत नाहीत. वाईट पीएफएने जीएफपी खरंच मंदावतं.

ईजीएफपीचा पीकेए ६ च्या आसपास आहे. म्हणजे पीएच ६ ला उजेड जवळपास निम्मा. फॉर्माल्डिहाइडचं द्रावण ठेवून ठेवून त्यात फॉर्मिक ॲसिड तयार होतं. महिनाभर ४ अंशांवर पडलेली, झाकणावर तारीख नसलेली ‘४% पीएफए’ लिहिलेली फाल्कन ट्यूब कुठल्या लॅबमध्ये नसते? तिचा पीएच पट्टीवर बघा एकदा.

यात दिलाशाची गोष्ट म्हणजे आम्लाने गेलेला उजेड परत येतो. अर्धी ट्यूब पीएच ८ च्या बफरमध्ये घेऊन पुन्हा रन करा. सिग्नल वर आला तर दोष पीएचचा. नाही आला तर गळतीचा किंवा घडी मोडल्याचा. वायएफपी (जीएफपीचं पिवळं भावंड) वापरणाऱ्यांनी जास्त जपायचं, ईवायएफपीचा पीकेए ६.९ च्या घरात आहे आणि क्लोराइडनेही ते मंदावतं. एमचेरी या लाल प्रथिनाला असल्या आम्लाचं सोयरसुतक नाही.

पीएफए ताजा करा, अर्ध्या तासाचं काम आहे. फ्यूम हूडमध्ये ८० मिली पीबीएस ६० अंशांपर्यंत तापवा, ४ ग्रॅम पावडर टाका. दूध दिसेल. १ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड थेंब थेंब घाला, बघता बघता पाणी स्वच्छ होतं. ७० च्या वर नेऊ नका. पूर्ण गार झाल्यावरच पीएच ७.४ ला आणा, १०० मिली करा, ०.२२ मायक्रॉनमधून गाळा, १० मिलीचे ॲलिकोट करून उणे २० ला टाका. एकदा वितळलेला पुन्हा गोठवायचा नाही. पावसाळ्यात पावडरची बाटली फ्रिजमधून काढल्या काढल्या उघडू नका. तासभर बाहेर ठेवा, नाहीतर आत दव धरतं आणि पुढच्या वेळी चमच्याऐवजी छिन्नी लागते.

पैसे असतील तर १६ टक्क्यांचे मेथनॉलविरहित काचेचे ॲम्प्यूल घ्या. एक भाग ॲम्प्यूल, सात भाग पीबीएस, झाला २ टक्के. कपाटातली ३७ टक्क्यांची फॉर्मलिनची बाटली नको. तिच्यात स्थिर राहावं म्हणून १० ते १५ टक्के मेथनॉल असतं. पातळ केल्यावर ते दीड टक्क्याच्या आत येतं, त्याने जीएफपीची घडी मोडत नाही, पण जो पडदा आपल्याला अजून बंद हवाय तिथे मेथनॉल हवंच कशाला?

आणि हो, ‘४ टक्के फॉर्मलिन’ आणि ‘४ टक्के फॉर्माल्डिहाइड’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ३७ टक्क्यांच्या बाटलीतून १०० मिलीत ४ मिली टाकलंत तर हातात दीड टक्का येतो. १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिन म्हणजे साधारण ४ टक्के फॉर्माल्डिहाइड. या एका शब्दापायी लोकांचे आठवडे गेलेत.

पवई_पिपेट

एवढा खटाटोप कशाला? २ टक्के पीएफए द्या आणि किट सोडून ०.१ टक्का सॅपोनिन वापरा. जीएफपी मस्त राहतं.

परळकर

@पवई_पिपेट सायटोकाइनसाठी शंभर टक्के बरोबर. आयएफएन-गॅमा किंवा आयएल-१७ बघायचं असेल तर पीएफए आणि सॅपोनिन पुरे, उगाच किटचे पैसे घालवू नयेत. पण सॅपोनिन पडद्यातलं कोलेस्टेरॉल ओढून भोकं पाडतं आणि केंद्रकाच्या आवरणात कोलेस्टेरॉल फारसं नसतं. फॉक्सपी-३ आत बसलेलं, अँटिबॉडी दाराबाहेर. सिग्नल आला तरी अर्धवट येतो. ०.१ टक्का ट्रायटन एक्स-१०० ने केंद्रक उघडतं, पण तो उलटवता येत नाही आणि काही सरफेस मार्करही सोबत घेऊन जातो.

खारघर_फ्लो

क्रमाबद्दल वर सगळं आलंय. मशीनवर होणाऱ्या चुकांबद्दल थोडं, कारण जीएफपी शाबूत असूनही ‘गेलं’ असं वाटू शकतं.

आल्डिहाइडने ऑटोफ्लुरोसन्स वाढतो, आणि तोही नेमका ५३०/३० च्या, म्हणजे जीएफपीच्याच चॅनलमध्ये. निगेटिव्ह ढीग वर सरकतो, मंद पॉझिटिव्ह त्यात बुडतो. त्यामुळे जिवंत पेशींवर आखलेला गेट (पॉझिटिव्ह-निगेटिव्हची सीमा) फिक्स केलेल्या पेशींवर चालवणं म्हणजे शुद्ध झोल. व्हायरस न दिलेल्या पेशी त्याच सगळ्या पायऱ्यांतून न्या आणि गेट त्यांच्यावर आखा.

कॉम्पेन्सेशनलाही (एका रंगाचा दुसऱ्या चॅनलमध्ये सांडलेला उजेड वजा करायला) जीएफपीसाठी एफआयटीसीचे बीड नकोत. दोघांचे स्पेक्ट्रम जवळचे आहेत, सारखे नाहीत. फक्त जीएफपी असलेल्या, फिक्स-पर्म झालेल्या पेशी घ्या. जीएफपी पीईच्या चॅनलमध्ये बऱ्यापैकी सांडतं, म्हणून फॉक्सपी-३ पीईवर घेऊ नका, एपीसी किंवा ॲलेक्सा ६४७ वर न्या. सीडी-४ व्हायोलेट लेझरवर. एफआयटीसी आणि ॲलेक्सा ४८८ पॅनलमधून बाहेर. पीई-साय७ आणि एपीसी-साय७ हे टॅन्डम फिक्सेटिव्हमध्ये जितका वेळ राहतील तितके तुटतात. एपीसी-साय७ तुटला की एपीसीमध्ये खोटा सिग्नल, आणि तुमचं फॉक्सपी-३ तिथेच. म्हणून तो तर नकोच.

आता निदान. अंदाज बांधत बसण्यापेक्षा एकदा चार ट्यूब लावा:

अ – जिवंत, काहीच न केलेली.
ब – फक्त २ टक्के पीएफए.
क – फक्त किट, आता करताय तसं.
ड – २ टक्के पीएफए, मग किट.

‘ब’ मंद असेल तर माटुंगावाल्यांचा पीएफए-पीएचचा मुद्दा. ‘ब’ ठीक, ‘क’ पडलेली, ‘ड’ सावरलेली असेल तर गळती. ‘ब’ ठीक पण ‘ड’ही पडलेली असेल तर क आणि ड या दोन्हींत पर्मनंतर अँटी-जीएफपी अँटिबॉडी द्या, ॲलेक्सा ६४७ लावलेली, आणि त्या ट्यूबना फॉक्सपी-३ लावू नका. अँटिबॉडीला जीएफपी सापडलं पण उजेड नाही, तर प्रथिन आत आहे, घडी मोडलीय. अँटिबॉडीलाही सापडलं नाही, तर प्रथिनच आत नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

‘क’चा फिक्स-पर्मनंतरचा सुपरनॅटंट टाकू नका. प्लेट रीडरवर ४८८ ने उत्तेजित करून ५१० च्या आसपास वाचा, शेजारी व्हायरस न दिलेल्या पेशींचा सुपरनॅटंट ठेवा. पेशी ५०-६० लाख असतील तर पळालेलं जीएफपी तिथे दिसतं.

कलिना_टीसेल

सगळ्यांचे आभार! चारही ट्यूब लावल्या. ‘अ’ ३४ टक्के, ‘ब’ ३३, ‘क’ ६, ‘ड’ ३०. म्हणजे गळतीच. ‘ड’मध्ये जीएफपीचा एमएफआय (उजेडाची सरासरी तीव्रता) जिवंतपेक्षा थोडा खाली आहे पण ढीग वेगळा दिसतो. फॉक्सपी-३ चा एमएफआय मात्र ‘क’पेक्षा जवळपास एक तृतीयांशाने कमी. पीएफएचा पीएच पट्टीवर तपासला, आमची फाल्कन ६.५ ला निघाली, ती फेकली. वरचे आकडे ताज्या पीएफएचे आहेत.

दोन प्रश्न राहिले. एक, याच पेशींत पुढे फॉस्फो-स्टॅट५ (फॉस्फेट लागलेलं स्टॅट५ प्रथिन) बघायचंय आणि त्याला मेथनॉल लागतंच म्हणतात. दोन, सायटोमीटरचा स्लॉट दुसऱ्या संस्थेत दुसऱ्या दिवशी मिळतो. स्टेन करून नेऊ की तिथे जाऊन करू?

खारघर_फ्लो

३४ चे ३० म्हणजे छान. फॉक्सपी-३ साठी २० मिनिटांऐवजी १० करून बघा, नाहीतर १ टक्का पीएफए २० मिनिटं. पॉझिटिव्ह-निगेटिव्ह नीट वेगळे होत असतील तर एमएफआय एक तृतीयांश कमी आला म्हणून रडायचं कारण नाही, फक्त जुन्या डेटाशी त्याची तुलना करायची नाही.

फॉस्फो-स्टॅट५ ला मेथनॉल द्याच, एसएच२ भागात दडलेला तो फॉस्फोटायरोसिन त्याशिवाय अँटिबॉडीला नीट सापडत नाही. जीएफपीचा उजेड जाईल हे धरून चाला आणि अँटी-जीएफपीने परत आणा. उत्तेजन थांबवायचं ते थेट पीएफएने, अंतिम २ टक्के, ३७ अंशांवर १० मिनिटं. इथे आधी वॉश करत बसलात तर तेवढ्यात फॉस्फेट निघून जातो. मग वॉश, पेलेट मोडा, उणे २० चं ९० टक्के मेथनॉल थेंब थेंब, बर्फावर ३० मिनिटं. तीन वॉश, मेथनॉलचा अंश राहता कामा नये. पुढे अँटी-फॉस्फो-स्टॅट५ ॲलेक्सा ६४७ वर आणि अँटी-जीएफपी ॲलेक्सा ४८८ वर एकत्र, १ तास. ४८८ घेतलं की उरलंसुरलं जीएफपी आणि अँटिबॉडी एकाच चॅनलमध्ये बसतात, एक रंग वाचतो. मेथनॉलआधी सरफेस स्टेन करायचं तर पीई-एपीसी नकोत. सीडी-४ मेथनॉलनंतरच करा, पण क्लोन त्यात टिकतो का ते आधी एका ट्यूबवर बघा. पुढे कुणी लाल प्रथिनं वापरणार असेल तर लक्षात ठेवा, अँटी-जीएफपी वायएफपी-सीएफपीला धरतं, एमचेरी किंवा टीडीटोमॅटोला नाही. ती वेगळ्या घराण्यातली.

माटुंगा_बफर

नेण्याबद्दल: स्टेन पूर्ण करून न्या. फिक्सेटिव्हमध्ये रात्रभर ठेवून नव्हे, धुऊन एफएसीएस बफरमध्ये, पीएच ७.४, ३०० मायक्रोलिटर, ४ अंशांवर, अंधारात. क्रॉसलिंक झालेलं जीएफपी दुसऱ्या दिवशीपर्यंत आरामात टिकतं, डायांचं काय होईल ते डायांवर. २४ तासांत रन करा. कंट्रोल ट्यूबही त्याच रात्री ठेवलेल्या हव्यात, सकाळी ताज्या केलेल्या नकोत.

हार्बर लाइनने जाणार असाल तर थर्माकोलच्या डब्यात जेल पॅक थेट ट्यूबला लावू नका. उणे २० मधून काढलेल्या पॅकला टेकलेली ट्यूब कुर्ला सोडेपर्यंत गोठते आणि फिक्स केलेल्या पेशीही गोठल्या की फुटतात. मध्ये टिश्यू पेपरचा जाड थर, ट्यूब स्टँडमध्ये उभ्या, झाकणांवर पॅराफिल्म. तिथे पोचल्यावर व्होर्टेक्स, ३५ मायक्रॉनच्या जाळीच्या झाकणातून गाळा, मगच मशीनला लावा. गोळा अडकला आणि नळी चोंदली तर पुढचे सगळे स्लॉट थांबतात.

कलिना_टीसेल

समजलं. १ टक्का २० मिनिटं आणि २ टक्के १० मिनिटं अशी जोडी या शुक्रवारी लावते. अँटी-जीएफपी ॲलेक्सा ४८८ मागवलीय. आमच्याकडे ३५ मायक्रॉनची जाळीवाली झाकणं संपलीत, ४० मायक्रॉनचा स्ट्रेनर चालेल ना?

माटुंगा_बफर

चालेल. आधी पीबीएसने ओला करा, कोरड्या जाळीत ३०० मधले ५०-६० मायक्रोलिटर तिथेच राहतात.